पऱ्हाटीची राख करायची की कोळसा?

उलंगवाडी झाली, शेवटच्या वेचणीची कवडी घरी आली, की वावरात उरते ती नुसती पऱ्हाटी. मग फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी दर्यापूरहून अकोटकडे निघा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना धूर दिसतो. कुठे धुऱ्यावरची गंजी पेटलेली असते, कुठे वावरातच ढीग लावून काडी लावलेली असते. कास्तकाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे. "ठेवून काय करता भाऊ? बोंडअळी घर करते, मजूर भेटत नाही, अन् पावसाच्या आत वावर मोकळं करा लागते."

हे उत्तर खोटं आहे असं कोणी म्हणू नये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचं जे केलं ते आपण विसरलेलो नाही. न फुटलेल्या कवड्या बोंडांसकट पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवली, तर त्या बोंडांत दडलेली अळी पुढच्या वर्षीच्या कपाशीवर उतरते, हेही खरं. फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटी वावराबाहेर काढा, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण बाहेर काढायची म्हणजे जाळायचीच का? आणि जाळायचीच असेल तर राख होईपर्यंत जाळायची, की कोळशावर थांबवायची? आजचा प्रश्न एवढाच आहे. दिसायला लहान असला तरी त्यात तुमच्या जमिनीचा, पाण्याचा आणि खिशाचा हिशेब आहे.

आधी साधा हिशेब पाहू. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी हेक्टरी साधारण २ ते ३ टन निघते, म्हणजे एकरी ८ ते १२ क्विंटल. १० क्विंटल धरा. उघड्यावर पेटवली तर हाती चाळीस-पन्नास किलो राख येते आणि त्यातली निम्मी पहिल्या वावटळीत उडून जाते. पालाश थोडाफार राहतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो. तीच पऱ्हाटी हवा कोंडून, काबूत ठेवून जाळली, तर दोन-अडीच क्विंटल कोळसा मिळतो. झाडात असलेल्या कर्बापैकी जवळपास निम्मा त्यात टिकतो आणि तो जमिनीत वर्षानुवर्षं कुजत नाही. अळी दोन्हीकडे मरते. फरक उरतो तो शेवटी हातात काय राहतं याचा.

कोळशात असं आहे तरी काय?

लोणारी कोळसा आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. लोहाराच्या भात्यासमोर पाहिला, इस्त्रीत पाहिला. पण त्याचा खरा गुण जळण्यात नसून त्याच्या पोकळपणात आहे. झाड उभं असतं तेव्हा त्याच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. हवा न देता खोड तापवलं की पाणी, वायू आणि डांबरासारखा चिकट भाग निघून जातो, आणि कर्बाचा सांगाडा तेवढा मागे राहतो. त्या सांगाड्यात नळ्या तशाच राहतात, शिवाय निघून गेलेल्या पदार्थांच्या जागी आणखी असंख्य छिद्रं पडतात. त्यांतली सगळ्यात बारीक छिद्रं केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतात.

हाच कोळसा कारखान्यात ८०० ते १००० अंश उष्णतेवर वाफेने, किंवा आम्लासारख्या रसायनाने, आणखी पोखरला की त्याला 'सक्रिय कोळसा' म्हणतात. अशा एका ग्रॅम कोळशातल्या सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर त्यांचं क्षेत्र हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं. आपल्या मापात सांगायचं तर एका ग्रॅममध्ये दहा गुंठे! चार ग्रॅम म्हणजे एक एकर. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर न येणारी ही जमीन आहे. धोतराला कुसळं चिकटावीत तसे रंगाचे, वासाचे आणि विषाचे कण त्या भिंतींना चिकटून बसतात. घरच्या भट्टीतल्या कोळशाचं क्षेत्र याहून बरंच कमी असतं, पण गुण तोच.

हा गुण जगाला नवा नाही. कोळशाने द्रवाचा रंग जातो, हे रशियात काम करणाऱ्या टोबियास लोविट्झ नावाच्या रसायनतज्ज्ञाने १७८५ साली पाहिलं. पुढे साखर पांढरी करायला कोळसा वापरला गेला. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन फौजेने क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणाऱ्या मुखवट्यांत कोळसा आला. अमेरिकेत १९१८ साली लोकांकडून पीच फळाच्या कोयी गोळा केल्या गेल्या, त्या या मुखवट्यांच्या कोळशासाठीच. आज पाण्याच्या फिल्टरमध्ये, खाणीतलं सोनं वेगळं करताना, हवा तपासताना आणि वीज साठवणाऱ्या उपकरणांत सच्छिद्र कर्ब वापरतात. दक्षिणेकडच्या राज्यांत नारळाच्या करवंटीपासून सक्रिय कोळसा बनतो आणि परदेशी जातो. पऱ्हाटीपासूनही तो प्रयोगशाळांत तयार झाला आहे. करवंटीला जो भाव आला तो पऱ्हाटीला उद्याच येईल, असं स्वप्न आम्ही दाखवणार नाही. पण आपण जी वस्तू काडी लावून मोकळे होतो ती कवडीमोल नाही, एवढं मनाशी पक्कं करा.

भट्टी कशी करायची?

रस्ता आपल्या महाराष्ट्रातच दिसला आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी उभी केली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने पत्र्याच्या पिंपाची स्वस्त भट्टी तयार केली. कपाशी, तूर, मका आणि एरंडी यांच्या काड्यांवर तिचे प्रयोग झाले. म्हणजे पऱ्हाटी आणि तुराटी या आपल्या दोन्ही काड्या त्यात आल्या.

पद्धत अवघड नाही. पिंपाच्या बुडाला हवेसाठी भोकं पाडायची, हातभर लांबीची खडखडीत वाळलेली पऱ्हाटी उभी भरायची आणि वरून पेटवायची. वरून पेटवली की खालचा धूर ज्वाळेतच जळतो आणि डोळ्यांत कमी जातो. ज्वाळा ओसरली, निखारे लाल दिसू लागले आणि वर पांढरी राख धरायला लागली, की झाकण घालायचं आणि भोकं-फटी चिखलाने लिंपून टाकायच्या. पिंप नसेल तर तळाला निमुळता असा कमरेएवढा खड्डा खणा. त्यात थोडी पऱ्हाटी पेटवा, तिच्यावर राख धरू लागली की दुसरा थर टाका, मग तिसरा. खड्डा भरला की पाणी मारून किंवा ओली माती टाकून विझवा. खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी मारू नये, मातीच टाकावी.

दोन-तीन गोष्टी मात्र गाठीला बांधा. फवारणीच्या औषधाचं पिंप या कामाला कधीही घेऊ नका. भट्टी भर उन्हात, वारा सुटलेला असताना आणि गंजीजवळ लावू नका. कोळसा वरून गार लागला तरी आत धगधगत असतो, म्हणून तो एक रात्र उघड्यावर पसरून ठेवा, मगच पोत्यात भरा. गरम कोळशाचं पोतं गोठ्यात ठेवलं तर गोठाच जाईल.

कोळसा म्हणजे खत नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'बायोचार' या नावाने हाच कोळसा आता पोत्यांत भरून विकायला येतो, आणि पीक दुप्पट होईल असं सांगणारेही भेटतात. बंधूंनो, कोळसा हे खत नाही. तो खताला आणि पाण्याला धरून ठेवणारं भांडं आहे. रिकामं भांडं वावरात टाकलं तर ते आधी स्वतः भरून घेतं, म्हणजे पिकाचं नत्र पहिल्या वर्षी तेच अडकवून ठेवू शकतं. म्हणून ताजा कोळसा थेट वावरात फेकू नका. त्याचा चुरा करा, गोठ्यात गोमूत्र मुरतं त्या जागी पसरा, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात थर देत जा. दोन-चार महिने त्यात मुरला की मग शेणखतासोबत वावरात न्या.

जगभर ज्या काळ्या मातीचं कौतुक होतं ती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली आहे. तिथल्या जुन्या लोकांनी शतकानुशतकं कोळसा, हाडं आणि कचरा मातीत मिसळला आणि ती सुपीक झाली. पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आहे आणि पावसाने धुपलेली आहे. आपली भारी काळी जमीन त्याच्या उलट आहे. आपला सामू आधीच सातच्या वर, आठच्या आसपास असतो, आणि पऱ्हाटीचा कोळसाही अल्कधर्मीच असतो. त्यामुळे तिकडचा निकाल जसाच्या तसा इकडे लागू होत नाही. हे कोळसा विकणारा सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

मग वऱ्हाडात कोळशाचा उपयोग कुठे? सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा पातूर-बार्शीटाकळीकडच्या हलक्या, मुरमाड रानात, जिथे पाणी थांबत नाही, तिथे आशा जास्त आहे. भाजीच्या वाफ्यात आणि फळझाडाच्या आळ्यात खतात मुरलेला कोळसा थोडा थोडा देऊन पाहण्यासारखा आहे. खारपाणपट्ट्यातली जमीन मात्र वेगळं दुखणं आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात मातीला सोडियमने धरलं आहे, पाण्याचा निचरा होत नाही. तो सोडियम हटवायला जिप्सम, हिरवळीचं खत आणि निचऱ्याच्या चऱ्या लागतात. कोळसा ते काम करत नाही. तिथे माती परीक्षण केल्याशिवाय कोळशावर पैसा घालू नका.

आणखी एक धोका ध्यानात घ्या. कोळसा तणनाशकही धरून ठेवतो. सोयाबीनमध्ये उगवणीपूर्वी तणनाशक मारणार असाल, तर कोळसा टाकलेल्या पट्ट्यात ते कमी लागू पडेल आणि दुकानदाराशी भांडण होईल.

शिवाय हिशेब पाहा. एका एकराच्या पऱ्हाटीतून दोन-अडीच क्विंटल कोळसा निघतो. एकरी २० क्विंटल टाकायचा म्हटलं तर स्वतःच्या पऱ्हाटीवर आठ ते दहा वर्षं लागतील. म्हणून सगळ्या वावराला पुरवण्याचा अट्टहास नको. कपाशीच्या किंवा तुरीच्या चार तासांना टाका, शेजारची चार तासं तशीच ठेवा, खत-फवारा दोन्हीकडे सारखा करा, आणि वेचणी वेगवेगळी मोजा. दोन हंगाम असं करा. तुमच्या वावरातल्या चार तासांनी जे सांगितलं ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरं.

फिल्टरमधला कोळसा आणि खारं पाणी

याच कोळशाच्या नावावर आपल्या भागात दुसरी एक फसगत होते. खारपाणपट्ट्यातल्या घरांत 'कार्बन फिल्टर' लावला म्हणजे खारं पाणी गोडं होतं, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. सक्रिय कोळसा पाण्यातला वास, रंग, क्लोरीन आणि काही कीटकनाशकांचे अंश धरतो. पण पाण्यात विरघळलेलं मीठ त्याच्या हाती लागत नाही, नायट्रेट लागत नाही, आणि साध्या कोळशाने फ्लोराईडही नीट निघत नाही. क्षार काढायला आरओची पडदी लागते. आरओच्या यंत्रात कोळसा असतो, तो क्लोरीनने पडदी खराब होऊ नये म्हणून. शिवाय कोळशाच्या भिंती एकदा भरल्या की तो काही धरत नाही, उलट त्याच्यावर जंतू वाढतात. कांडी वेळेवर न बदललेला फिल्टर नसलेला बरा.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो (गाव तुम्हाला अजून ग्रामसेवकच म्हणतं), पाण्याचं यंत्र घेण्याचा ठराव करण्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. पाण्यात नेमकं काय आहे हे कागदावर येऊ द्या, मग त्या रोगावरचं यंत्र घ्या. यंत्र बसवण्याचा खर्च एकदाच होतो, कांडी आणि पडदी बदलण्याचा खर्च दरवर्षी येतो. तो कोण करणार, हे त्याच ठरावात लिहा. आणि आरओमधून बाहेर पडणारं जास्त खारं पाणी विहिरीजवळ सोडू नका.

एक सूचना जिवाची आहे. विष पोटात गेलेल्या माणसाला दवाखान्यात काही वेळा सक्रिय कोळसा देतात. पण तो डॉक्टरने, ठरावीक वेळेत, विष कोणतं आहे हे पाहून द्यायचा असतो. घरचा कोळसा वाटून पाजू नका, त्यात वेळ जातो. फवारणी करताना कातडीवाटे किंवा श्वासातून भिनलेल्या विषावर कोळसा पाजून उपयोग नाही. माणसाला आणि औषधाच्या डब्याला, दोघांनाही घेऊन थेट दवाखाना गाठा.

चूल कोणाची?

कोळशाची एवढी भलामण केल्यावर एक प्रश्न आमच्या मनात येतो, तोही बोललं पाहिजे. पऱ्हाटी आपल्याला कचरा वाटते, पण ज्यांना वावर नाही त्यांची चूल तिच्यावर पेटते. गावात गॅसची टाकी आली, पण ती भरायला पैसा लागतो. म्हणून कापूस वेचायला येणाऱ्या बाया हंगाम संपला की पऱ्हाटीचे भारे बांधून नेतात. उद्या पऱ्हाटीला कोळशाचा भाव आला आणि भारा बंद झाला, तर त्या काय जाळतील? म्हणून आमचं म्हणणं असं आहे की आधी सरपण जाऊ द्या, जे उरतं आणि आज नुसतं पेटवलं जातं, त्याचाच कोळसा करा. भट्टी लावण्याची मजुरी याच बायांच्या बचत गटाला मिळाली तर उत्तम. पण ती रोजाने मिळावी, कोळशाच्या वजनावर नको, आणि धुरात काम करणाऱ्याच्या तोंडाला फडकं असावं.

गावाने काय करावं? पिंपाची एक भट्टी ग्रामपंचायतीने करून ठेवावी. फवारणीचा पंप जसा एकमेकांना देतो तशी ती घराघराने फिरावी. कृषी विज्ञान केंद्रांनी हंगाम संपताच गावात येऊन एक भट्टी लावून दाखवावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने भारी जमीन, हलकी जमीन आणि खारपाणपट्टा या तिन्हींसाठी वेगवेगळी शिफारस सोप्या मराठीत गावोगाव पोचवावी. शिवार फेरीला अकोल्याला जाल तेव्हा शास्त्रज्ञांना हा प्रश्न तुम्हीच विचारा. विचारणारे पन्नास झाले की उत्तर गावापर्यंत येतं.

आणि कोणी कार्बन क्रेडिटचा कागद घेऊन आला तर घाई करू नका. केंद्र सरकारने २०२३ साली अशा व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे, तेव्हा तो विषय पोकळ नाही. पण कराराची मुदत किती, पैसा कधी आणि किती, मोजणी कोण करणार, आणि मधेच सोडलं तर दंड काय, हे मराठीत लिहून मागा. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. वाचल्याशिवाय अंगठा नाही, हा नियम सावकाराच्या काळात जितका खरा होता तितकाच आजही आहे.

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असं आपण अभिमानाने म्हणतो. ते सोनं कपाशीने दिलं. त्याच कपाशीची काडी आपण दरवर्षी धुरात घालवतो, आणि मग खताच्या पोत्यासाठी रांगेत उभं राहतो. येत्या उलंगवाडीला सगळी नको, पण एका धुऱ्यावरची एक गंजी राख होऊ देऊ नका. एक पिंप कोळसा करा, शेणात मुरवा, चार तासांना द्या आणि मोजा. फायदा झाला तर गावाला सांगा. नाही झाला तरी सांगा, कारण शेजाऱ्याचा पैसा वाचवणं हीही शेतीचीच कमाई आहे.